मिसरूड फुटल्यावर

वयवाले काकांनी आमच्या कॉलनीतल्या एकाही मुलाला कधी नाव विचारलं नाही. ते वय विचारत. मूल दारात चप्पल काढायला वाकलं की आतून आवाज यायचा, "वय?" मुलाने बारा सांगितलं तर काका चष्मा कपाळावर चढवून आधी त्याच्या वरच्या ओठाकडे बघत, मग मनगटाकडे, आणि म्हणत, "अकरा. खोटं बोलू नको भो." आम्हा आयांना या उलटतपासणीचं हसू यायचं. बहुतेक वेळा काका बरोबर असत, हे मात्र कबूल करायला हवं.

नाशिक रोडला आमच्या इमारतीखाली सहा गाळे आहेत. पिठाची गिरणी आणि शिंप्याचं दुकान यांच्यामध्ये काकांचं गेम पार्लर होतं. काका मूळचे कळवणकडचे. प्रेसमध्ये छपाई तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते निवृत्त झाले त्याच सुमारास पुतण्या पुण्याला नोकरीला गेला आणि त्याने थाटलेलं हे पार्लर काकांच्या गळ्यात पडलं. चार टीव्ही, आठ खुर्च्या आणि वायरींचा गुंता. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पत्तेसुद्धा पिसले नव्हते, तो आता पोरांच्या हातात बंदुका देणार म्हणून आम्ही त्यांची भरपूर टिंगल केली. माझी जीभ जरा जास्तच चालते. "काका, बंदुकीचं लायसन काढलं का?" असं मी येता-जाता विचारायची. "पोरांचं बघतोय आधी," असं ते म्हणायचे.

नवी सीडी आली की ती आधी काका खेळत, एकटे, दुपारच्या वेळी, शटर अर्धं ओढून. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून आवाज मोठा. पायरीवरून जाताना त्या अर्ध्या शटरखालून गोळीबार ऐकू यायचा, मधेच कुणाचं तरी विव्हळणं, आणि खाली फक्त काकांचे दोन पाय दिसायचे, घट्ट जुळवून ठेवलेले. शेजारचा शिंपी वैतागून रेडिओ मोठा करी. खेळ शेवटपर्यंत संपवल्याशिवाय ती सीडी मुलांच्या हाती जात नसे. एखादीला चार दुपारी लागत, एखादीला महिना.

सीडीच्या खोक्यावर कोपऱ्यात वयाचा आकडा छापलेला असतोच. काका तो वाचत, पण मानत नसत. "हा आकडा कुठल्या साहेबानं टाकला, त्यानं आपली पोरं पाहिली हायेत का?" असं त्यांचं म्हणणं. मग ते पांढऱ्या कागदाची चिठ्ठी कापून त्यावर मोत्यासारख्या अक्षरात आपला निकाल लिहीत आणि खोक्यावर चिकटवत. निकाल तीनच प्रकारचे. ‘कोणीही’, ‘चौथीनंतर’ आणि ‘मिसरूड फुटल्यावर’. एकदा एका मुलीने कमरेवर हात ठेवून विचारलं, "आणि आम्हाला कधी फुटणार?" काका विचारात पडले. शेवटी म्हणाले, "हे विचारायचं तुला सुचलं ना? मग तू खेळ."

रक्ताचं त्यांना वावडं नव्हतं. गावाकडे बोकड कापताना पोरं बघतात, त्याने काही होत नाही, असं ते म्हणत. त्यांची कसोटी वेगळी होती. "मरणारा बोलतो का, ते बघायचं. गप मरत असंल तर तो सोंगटी हाय. बोलत असंल, हात जोडत असंल, तर मग पोराला मिसरूड पाहिजे." मी म्हटलं, काका, हे शास्त्र कुठे शिकलात? त्यावर ते हसले नाहीत. मला तेव्हा ते नुसतं विक्षिप्त वाटलं होतं.

एकदा नाशिकच्या द्वारका चौकात गॅरेज असलेले एक गृहस्थ तिसरीतल्या मुलाला घेऊन आले. घरी नवं मशीन घेतलेलं, सीडी चालत नव्हती, ती काकांनी चालू करून द्यावी म्हणून. सीडी होती अत्यंत भयानक. काकांनी खोक्याचा कोपरा दाखवून विचारलं, हे पाहिलं का? गृहस्थ म्हणाले, "पाहूनच घेतली ना. अठरा प्लस. अठरा आणि वर आणखी गेम हायेत एकात." पूर्वी एका कॅसेटमध्ये शंभर-शंभर खेळ मिळायचे, त्या हिशेबाने त्यांनी ती निवडली होती. काकांनी अर्थ सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे एकच गेम हाय?" ते म्हणाले, आणि दुकानदाराला शिव्या घालत सीडी आणि मुलगा दोन्ही घेऊन परत गेले. काकांनी ही गोष्ट दोन दिवस सगळ्यांना हसून सांगितली. तिसऱ्या दिवशी मी ती पुन्हा काढली तर ते स्वतःशीच म्हणाले, "हाई काय शे," हे काय आहे असं अहिराणीत, आणि रिमोट पुसत बसले.

गंमत म्हणजे सगळ्यांचं वय काढणाऱ्या या माणसाला स्वतःचं वय माहीत नव्हतं. गावच्या मास्तरांनी दाखल्यावर एक जून टाकला होता, तसा तो त्या काळी अर्ध्या वर्गाच्या नावापुढे टाकत. कॉलनीतल्या मुलांना हे ठाऊक होतं. मोबाइलवर मोठ्यांचा गेम घेताना जन्मतारीख विचारतात, तेव्हा आमची पोरं बिनदिक्कत काकांची तारीख टाकत. दाखल्यावरचं वर्ष त्यांनी काकांनाच गोड बोलून विचारून घेतलं होतं. हे काकांना कळलं तेव्हा मी तिथेच होते. मला वाटलं, रागावतील. ते त्या मुलाच्या मोबाइलकडे बघत म्हणाले, "म्हणजे एवढी सगळी माणसं माझ्या नावावर मेली."

आता माझ्याकडे येते. टाळून उपयोग नाही.

माझा सोहम तेव्हा बारा वर्षांचा. मे महिन्याची सुट्टी, मला ऑफिस, नवरा फिरतीवर. दिवसभर मूल सुरक्षित कुठे राहील तर खाली, काकांच्या नजरेसमोर, असा माझा साधा विचार. सोहमला एक युद्धाचा गेम हवा होता आणि त्यावर मिसरुडाची चिठ्ठी होती. तो रडत वर आला. मी तरातरा खाली गेले. टीव्हीवरच्या बातम्या काय कमी असतात का, आकड्याने आणि चिठ्ठीने काय होतं, माझा मुलगा वर्गात पहिला येतो, असं सगळं ऐकवलं. काका शांतपणे म्हणाले, "आकड्यानं काय नाय होत. आकडा वाचायला कोणीतरी मोठं माणूस घडीभर थांबतं, तेवढाच त्याचा उपयोग." मी थांबले नाही. मी म्हटलं, "सोहमला सोळा सरलीत. दिसायला लहान आहे."

सोहम सातवीत जाणार हे काकांना पक्कं माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही नजर खाली केली नाही.

"आई सांगते म्हंजी सोळा," ते म्हणाले. त्यांनी सीडी काढून सोहमला दिली. "आता याचं वय तुमच्याकडं हाय, सोहमची आई."

मी जिंकल्याच्या थाटात जिना चढले. सुट्टी मजेत गेली. सोहम वेळेवर जेवायचा, वेळेवर झोपायचा, कुरकुर नाही, हट्ट नाही. इतका शहाणा तो आधी कधी नव्हता. मी हे मैत्रिणींना कौतुकाने सांगितलं.

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात काकांनी मला बोलावून घेतलं. दुपारी, रविवारी, मुलं नसताना. शटर अर्धं ओढलेलं होतं. त्यांनी स्टोव्हवर चहा केला, बशीत बिस्किटं मांडली आणि बसायला खुर्ची दिली.

"त्या गेमात एक म्हातारा हाय," ते म्हणाले. "गाव जळालेलं असतं. म्हातारा घराबाहेर गुडघ्यावर बसून हात जोडतो. त्याला मारलं तरी चालतं, नाय मारलं तरी चालतं. गुण नाय मिळत. पुढचा रस्ता पण अडत नाय. बाकीची पोरं पळत पुढं जातात. एखादं मारतं, मग दचकून माझ्याकडं बघतं, मी बघितलं का म्हणून."

"आणि सोहम?"

"सोहम पुढं गेला. लय पुढं गेला. मग थांबला, मागं फिरला, सगळं गाव ओलांडून परत आला आणि त्याला मारलं. माझ्याकडं नाय बघितलं. गुण मिळत नव्हते, सोहमची आई."

मी वरकरणी हसले. काका, तो गेम आहे, म्हातारा चित्रातला आहे, असं काहीबाही बोलले. काकांनी मान हलवली. त्यांना सोहमची तक्रार करायचीच नव्हती. ते म्हणाले, "तेवढ्यासाठी नाय बोलावलं. मी ते बघितलं आणि मला काय वाटलंच नाय. मी त्याच्यामागं बसून शेंगदाणे खात होतो. दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना ध्यानात आलं."

मग त्यांनी मला प्रेसमधली एक गोष्ट सांगितली. तपासणीला बसलेल्या माणसाला मधून मधून उठवावं लागतं. तोच तो कागद बघून बघून त्याला डाग दिसेनासा होतो. डोळे चांगले असतात, डाग समोर असतो, तरी तो कागद पुढे सरकवतो. त्याला ते लोक म्हणत, नजर मेली. "ज्याची मेली त्याला ते समजत नाय. शेजारचा सांगतो. मग त्याला उठवून दुसरा बसवायचा," काका म्हणाले. "इथं माझ्या शेजारी कोण हाय? गेली चार वरसं मी एकटाच बसतोय. मी किती चिठ्ठ्या चुकीच्या लावल्या, मला काय माहीत."

त्यांना माझ्याकडून एवढंच हवं होतं. आठवड्यातून एकदा मी त्यांच्या शेजारी बसावं, त्यांनी खेळावं, आणि जिथे मला अंगावर काटा येईल तिथे मी सांगावं. बाई माणूस, आई माणूस, तुमची नजर ताजी असणार, असं ते अगदी विश्वासाने म्हणाले. इतक्या वर्षांत कोणी माझ्यावर एवढा भरवसा टाकला नव्हता. मी हो म्हटलं.

काकांनी तोच गेम लावला. गाव जळत होतं. म्हातारा गुडघ्यावर होता आणि न समजणाऱ्या भाषेत काहीतरी विनवत होता, आवाज एवढा मोठा की खुर्ची थरथरत होती. काकांनी बटण दाबलं. मी म्हटलं, "अगं बाई." तोंडाने म्हटलं. काका मात्र माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. त्यांची नजर होती तिकडे मी पाहिलं तेव्हा कळलं की माझा हात बशीकडे गेला होता, बिस्कीट उचललं होतं आणि मी ते चहात बुडवून धरलं होतं. ते मऊ पडून कपात गळून पडलं.

"तोंड बोललं," काका म्हणाले. "हात नाय बोलला."

ते आरोप केल्यासारखं बोलले नाहीत. घाबरल्यासारखं बोलले. साठी उलटलेला तो माणूस त्या खुर्चीत एकदम लहान दिसू लागला, आणि मला त्यांचा भयंकर राग आला. मी तडक उठून घरी आले. रात्री नवऱ्याला फोनवर म्हटलं, म्हातारा येडा झालाय. आजही ते वाक्य आठवलं की मला माझी लाज वाटते.

पंधरा दिवसांत काकांनी पार्लर बंद केलं. टीव्ही एका भंगारवाल्याने नेले. सीड्या त्यांनी विकल्या नाहीत, कुणाला दिल्याही नाहीत. शिंप्याच्या कात्रीने एकेक कापत बसले होते. मी गॅलरीतून बघत होते. खाली जाऊन दोन शब्द बोलावेत असं वाटलं, पण गेले नाही. दुसऱ्या दिवशी ते कळवणला भावाकडे निघून गेले आणि त्या गाळ्यात मोबाइलचं दुकान आलं. मुलांना काही फरक पडला नाही. खेळ तोवर त्यांच्या खिशात आले होते, आणि वय विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

सोहम आता अठरा पूर्ण आहे. डिप्लोमाला आहे. माझ्यासाठी चहा करतो, मला गाडीवर दवाखान्यात नेतो, कुणाला कधी उलटून बोलत नाही. काकांची भीती खोटी ठरली असं कोणीही म्हणेल. मीही म्हणते, मोठ्याने म्हणते. पण तो पाठमोरा बसला की त्याच्याकडे बघत मी दारात बराच वेळ उभी राहते. काय शोधते ते मला सांगता येत नाही, आणि शोधणं थांबवताही येत नाही.

गेल्या महिन्यात काकांच्या पुतण्याचा फोन आला. काका झोपेतच गेले होते. मी फोन ठेवला आणि सोहमच्या खोलीत गेले. तो खेळत होता, कानाला हेडफोन. मी खांद्याला हात लावून सांगितलं, "सोहम, वयवाले काका गेले रे."

"एक मिनिट, आई," तो म्हणाला. "आता थांबलो तर मी मरेन."

मी तिथेच उभी राहिले. पडद्यावर एकेक माणूस पडत होता. शेवटी दोघेच उरले, सोहम आणि कुठलातरी अनोळखी मुलगा, आणि माझ्या ध्यानात आलं की मी श्वास रोखून धरला आहे आणि सोहमने त्याला मारावं म्हणून मनातल्या मनात देवाला विनवते आहे. सोहमने मारलं. मला हायसं वाटलं. मग त्याने हेडफोन काढले, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि अगदी प्रेमाने विचारलं, "हां, कोण गेलं म्हणालीस?"