आइंडहोवनच्या शीटमधला चौथा कॉलम

मी परचेसमध्ये काम करते. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका खोके बनवणाऱ्या फॅक्टरीत, गेली अकरा वर्षं. पुठ्ठा असो की प्रिंटरची शाई, तीन कोटेशनं आल्याशिवाय आणि त्यांची कम्पॅरिझन शीट झाल्याशिवाय माझ्या टेबलावरून कागद हलत नाही. शीटमध्ये एकही चौकोन रिकामा ठेवायचा नाही, हा माझा नियम. माहिती नसेल तर ‘माहिती नाही’ असं लिहा, पण लिहा. ही खोड इतकी अंगात मुरली आहे की घरचा फ्रीजसुद्धा मी शीट करूनच घेतला. नवरा म्हणतो, स्थळं बघतानाही तू शीट केली असशील. मी म्हणते, केली असती तर तुझा नंबर लागला असता का?

तर, नवऱ्याला कंपनीने नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला बदली दिली, त्याने आनंदाने हो म्हटलं, आणि घर शोधायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मी शीट उघडली. आडव्या ओळींत आइंडहोवनचे पाच एरिया. उभे कॉलम चार, घरातल्या चार माणसांचे. नवरा, मी, बारा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. प्रत्येकाने आपल्या सोयीप्रमाणे प्रत्येक एरियाला दहापैकी मार्क द्यायचे. ज्याची बेरीज जास्त, तो एरिया आपला.

तिथली घरं बघायला लागले आणि धक्क्यांची मालिकाच सुरू झाली. एक घर ऑनलाइन पाहिलं तर खाली फरशीच नाही! नुसतं सिमेंट. छताला दिव्यांच्या जागी वायरी लोंबत होत्या. मला वाटलं बांधकाम अर्धवट आहे. नवऱ्याने ऑफिसात विचारलं तर कळलं, आधीचा भाडेकरू जाताना जमिनीवरचं लाकूड आणि दिवे उचलून घेऊन गेला, आणि तिथे हे अगदी रीतसर आहे. अरे, इथे आम्ही घर सोडताना भिंतीला एक भोक राहिलं तर डिपॉझिट कापतात! दुसऱ्या घराचा जिना म्हणजे शुद्ध शिडी. तिसऱ्याला रस्त्याच्या बाजूला भिंतभर काच आणि पडदा नावाला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला आमच्या ताटात काय आहे ते दिसणार. भाडं युरोत होतं, त्याचे मी मोठ्याने दिरहॅम केले, मग सवयीने रुपये करायला गेले, तर सासूबाई म्हणाल्या, “रुपयांत सांगू नकोस बाई, नुसतं पाणी दे.”

सासूबाई आमच्याकडे सात वर्षांपासून आहेत. सासरे गेले आणि नवऱ्याने त्यांना इकडे आणलं. तेव्हा आम्ही वन बेडरूममध्ये राहत होतो. व्हिसाच्या कागदपत्रांत घराचा करार लागतो, आईसाठी घरात जागा आहे हे दिसावं लागतं. म्हणून डिस्कव्हरी गार्डन्स नावाच्या वसाहतीत मुश्किलीने एक टू बेडरूम मिळवला, करार लावला, पगाराचा कागद लावला, त्यांचं मेडिकल केलं, खलास. आई आली. दरवर्षी तेच कागद, तोच शिक्का. आमच्या ओळखीत निम्म्या घरांत असे कोणाचे तरी आई-वडील आहेत. आमच्या डोक्यात हे इतकं पक्कं बसलेलं की मोठं घर घ्या, करार दाखवा, आई आणा. जगात सगळीकडे असंच असतं, हे आम्ही गृहीत धरलं. नवऱ्याने नाही विचारलं, मी नाही विचारलं. शाईच्या बाटलीसाठी तीन कोटेशनं मागवणारी मी, मी नाही विचारलं.

सासूबाईंनी मार्क द्यायच्या आधी आपल्या अटी लिहून दिल्या. तळमजला, कारण गुडघे. डॉक्टर जवळ. भाजी चालत जाऊन आणता आली पाहिजे. वाटेत बसायला बाकडं. आणि शेवटची अट, संध्याकाळी दार वाजवणारं कोणीतरी.

ही शेवटची अट कुठून आली ते मला बरोब्बर ठाऊक होतं. आमच्या शेजारी रत्नागिरीकडची एक भाभी राहते. नवऱ्याचं दुबईच्या जुन्या बाजारात, देऱ्यात, मसाल्याचं दुकान, मुलं मोठी झालेली. रोज साडेपाचला बेल वाजते आणि दारात भाभी, “मावशी, यल्ला!” यल्ला म्हणजे चला. मग दोघी बिल्डिंगींच्या मधल्या झाडांतून तासभर फिरतात. उन्हाळ्यात बाहेर पाऊल ठेववत नाही तेव्हा कॉरिडॉरमध्ये फिरतात, पण फिरतात. कोकम, सांडगे, सुना, गुडघे, सगळे विषय होतात. मी त्या अटीपुढे मजेत लिहिलं, ‘घरातच तिघं आहोत, बेल कशाला?’ आणि त्या अटीसाठी पाचही एरियांना दहापैकी दहा देऊन टाकले.

बेरीज झाली. पहिला आला तो शनिवारी बाजार भरणारा एरिया. सासूबाईंनी लगेच त्याचं नाव शनिवार पेठ ठेवलं. तळमजल्यावर एक जादा खोली असलेलं घर होतं, खाली फरशीसुद्धा होती. मलाही तिकडे नोकरी मिळाली होती, ते ऑफिस तिथून दोन बस लांब, मुलीची शाळा सायकलने पाऊण तास. मुलीने कुरकूर केली, “धिस इज सो अनफेअर, मम्मा.” मी तिला गप्प केलं. आजीचे गुडघे बघायचे की तुझी झोप? सासूबाईंनी आपल्या वहीत घर ते बाजार असा नकाशा काढला. वळणं मोजली. बाकड्यांच्या जागी फुल्या मारल्या, फोटोत दिसतील तेवढ्या. भाभीला तो नकाशा दाखवून झाला. मुलीकडून डच आकडे शिकून झाले, वीसपर्यंत.

मग त्या शुक्रवारी, माझा हाफ डे होता, त्या घराच्या एजंट बाईने व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं. सासूबाई निळी इरकल नेसून माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांना बाथरूम बघायचं होतं, आधाराला दांडी आहे का ते. एजंट तरुण, हसरी, सडेतोड. तिने हात हलवला आणि इंग्रजीत म्हणाली, “आणि या आजी! तुमच्याकडे पाहुण्या आल्यात का?”

मी अभिमानाने म्हटलं, “छे, त्या आमच्याबरोबर येणार आहेत. खालची खोली त्यांचीच.”

तिने हात खाली घेतला. म्हणाली, “त्यांच्या इथे राहण्याच्या परवान्याचं तुम्ही विचारलंय का? कारण नोकरीच्या परवान्यावर जोडीदार येतो, लहान मुलं येतात. आई सहसा येत नाही.”

मी म्हटलं, “पण खोली आहे ना? आम्ही करार दाखवतो.”

“घराचा त्याच्याशी संबंध नाही,” ती म्हणाली. तिच्या आवाजात वाईटपणा अजिबात नव्हता, तिच्या लेखी ती बसचं वेळापत्रक सांगत होती.

मी काहीतरी थँक्यू-बिंक्यू म्हणून कॉल बंद केला. सासूबाईंनी विचारलं, “काय म्हणाली ती?”

“नेट गेलं, आई.”

“नेट नाही गेलं,” त्या म्हणाल्या. “तिचं तोंड हलत होतं.”

मी बेडरूममध्ये जाऊन दार लावलं आणि नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, एजंटला काय कळतंय, मी एचआरला विचारतो. तासाभराने त्याचाच फोन आला. आवाज पार उतरलेला. बायको आणि मुलगी. आई फिरायला येऊ शकते, एका वेळी जास्तीत जास्त तीन महिने. राहायला नाही. काही खास परिस्थितीत अर्ज करता येतो म्हणे, पण आपल्यासारख्यांचा मंजूर होत नाही. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याची स्वतःची आई, आणि नोकरीला हो म्हणताना एक प्रश्न विचारता आला नाही! तो म्हणाला, “तू तरी कुठे विचारलंस?” मी फोन आपटला. आई इथे मागेही राहू शकत नव्हत्या. नवऱ्याची नोकरी संपली की त्यांचाही व्हिसा संपतो.

तो घरी आला आणि चपला काढून सोफ्यावर नुसता बसला. “तू सांग,” मला म्हणाला. अस्सा राग आला! पण मीच सांगितलं. सरळ, एका दमात. सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी इरकलीचा पदर दोनदा नीट केला. रडतील असं वाटलं होतं, नाही रडल्या. चिडल्या. “सात वर्षं मी हिची वेणी घातली,” मुलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आणि मी कोण म्हणून विचारतात ते लोक? पाहुणी?”

मुलगी म्हणाली, “आजी, इट्स नॉट फेअर,” आणि या वेळी मी तिला गप्प केलं नाही.

मग सासूबाई म्हणाल्या, “शीट उघड.”

“आत्ता? कशाला, आई?”

“उघड म्हणते ना. माझा कॉलम काढून टाक. मग कुठला एरिया येतो बघ.”

मी नाही म्हटलं. नवरा म्हणाला, आई, राहू दे. त्या ऐकेनात. शेवटी मी चौथा कॉलम निवडला आणि डिलीट दाबलं. शनिवार पेठ धाडकन चौथ्या नंबरवर गेली. वर आला स्टेशनजवळचा एरिया. नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. माझं ऑफिस पायी, शाळा पाच मिनिटांवर, नवऱ्याला दारात ट्रेन. दोन आठवडे मी या शीटशी डोकं फोडत होते, आणि एक कॉलम काढल्याबरोबर सगळं कसं जागच्या जागी बसलं.

आणि इथे मला खरा धक्का बसला. कारण मला हायसं वाटलं. एक क्षणभर, पण वाटलं. दोन बस वाचल्या, असं डोक्यात आलंच. मी वर पाहिलं तर मुलीचा चेहरा उजळलेला, नवरा स्क्रीनकडे वाकून फोटो बघतोय. आणि सासूबाई आम्हा तिघांकडे बघत होत्या. त्यांना सगळं दिसलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मी पटकन अनडू दाबलं, कॉलम परत आला.

“वेडी आहेस,” त्या म्हणाल्या. “तेच घ्या. चांगलं आहे.”

तेच घेतलं. पुढच्या महिन्यात आम्ही जाणार. एजंटच्या फॉर्मवर राहणाऱ्यांची संख्या मी तीन लिहिली.

दोन दिवसांनी, रविवारी दुपारी, सासूबाई वही घेऊन माझ्यापुढे बसल्या. “आता मला एक शीट करून दे. माझ्या एकटीची.”

त्यांच्या पुढे चार जागा होत्या. नागपूरला नणंदेकडे. पुण्यात सिंहगड रोडवरचं स्वतःचं घर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तळेगावजवळ ज्येष्ठांसाठीची एक सोसायटी, तिचं माहितीपत्रक नवऱ्याने मागवलं होतं. आणि चौथी जागा भाभीने सुचवलेली. ती त्या रविवारी साडेपाचच्या बेलऐवजी चारलाच येऊन आमच्यात बसली होती, डोळे सुजवून. “मावशी, आमचा रत्नागिरीचा घर बंदच असतो, तुम्ही खुशाल राहा, तुमचाच घर समजा,” असं तिने तीनतीनदा सांगितलं. सासूबाई शेवटी पुण्यालाच जाणार आहेत, स्वतःच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे माझ्या शीटचं कोणी कौतुक करायला नको.

ओळींत त्यांच्या त्याच पाच अटी. तळमजला, डॉक्टर, भाजी, बाकडं भराभर भरून झाले. तळेगाव सगळ्यांत पुढे होतं. मग शेवटची ओळ आली. संध्याकाळी दार वाजवणारं कोणीतरी.

“नागपूर?” मी विचारलं.

“ती कामावरून रात्री आठला येते, पण तिच्याकडे किल्ली असते,” सासूबाई म्हणाल्या. “पुण्यात आता आजूबाजूला सगळे भाडेकरू, कोणी ओळखीचं नाही.”

“तळेगावला खोलीत बेल आहे, आई.”

“ती मी वाजवायची. नर्स यायला.”

मी भाभीकडे वळले. “तुम्ही रत्नागिरीला कधी असता?”

भाभी पदराशी चाळा करत म्हणाली, “मे महिन्यात. इन्शाल्ला.”

मी तिथे ‘मे’ लिहिलं. बाकीचे तीन चौकोन मी रिकामेच ठेवले. आठवड्यापूर्वी याच अटीपुढे मी गंमत म्हणून ‘घरातच तिघं आहोत’ लिहिलं होतं.

“भर ना,” सासूबाई म्हणाल्या. “तूच म्हणतेस ना, रिकामा चौकोन ठेवायचा नाही म्हणून.”

“काय भरू, आई?”

“नाही असं लिही. तिन्हीकडे.”

मी लिहिलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, वहीत उतरवून घेतलं, आणि भाभीला म्हणाल्या, “चल, ऊन उतरलंय.”