काचेतली चिठ्ठी

मुमताजची नाडी मिनिटाला एकशे चाळीस, आणि ती माझ्या टेबलावर बसून पाय हलवत शेंगदाणे खात होती. दहा वर्षांची पोर. शनिवारी जिल्ह्याच्या खो-खो संघाची निवड होती. शाळेला फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं.

साल १९७४. मंगळवार पेठेत एका बालरोगतज्ज्ञ सरांच्या दवाखान्यात मी असिस्टंट होते. एम.डी. होऊन दीड वर्ष झालं होतं, त्यामुळे मला सगळं येत होतं. आता पंचाहत्तरी उलटल्यावर निम्मं येतं.

तेव्हा सांधेतापाने पुष्कळ मुलांच्या हृदयाच्या झडपा खराब होत. मी स्टेथोस्कोप लावला आणि मला मर्मर ऐकू आली. मर्मर म्हणजे ठोक्यांमधली कुजबुज. खरं तर मला ती ऐकायचीच होती.

"खेळ बंद," मी म्हटलं. "झडप गेलीय. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, कित्येक वर्षं."

मुमताजचे पाय थांबले.

तिचे वडील दस्तगीरभाई म्हणाले, "बाई, काल हिनं चुलतभावाला गल्लीभर पळवून हाणलंय की."

"हृदयाचा आजार असाच लपून असतो." हे वाक्य मला फार आवडायचं.

शेजारच्या खोलीतून सर आले. "सांधे दुखले होते? ताप?"

"नाही सर."

"औषध काय चालू आहे?"

ते मी विचारलंच नव्हतं.

"दम्याची गोळी," दस्तगीरभाई म्हणाले. "बाईंचीच की. सव्वा वर्स झालं."

"चिठ्ठी दाखवा."

दस्तगीरभाई सायकलवरून गेले आणि काखेत फ्रेम मारून आले. त्यांचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. पोरीचा दमा चार दिवसांत बसला, म्हणून त्यांनी माझी चिठ्ठी काचेत घालून, सोनेरी पट्टी मारून दुकानात लावली होती. मी ती एकदा पाहिली होती. थोडी वर लावा, रस्त्यावरून दिसेल, असंही सुचवलं होतं. दर महिन्याला ते फ्रेम घेऊन औषधाच्या दुकानात जायचे. तिथला माणूस काच पुसून वाचायचा आणि गोळ्या द्यायचा.

सरांनी फ्रेम सावकाश वाचली. "डिग्री आहे. सही झोकात आहे. किती दिवस घ्यायची, ते कुठाय?"

ते कुठेच नव्हतं.

गोळी एफेड्रिनची. ती श्वासनळी मोकळी करते आणि जाता जाता हृदयालाही दामटते. चार दिवस ठीक. ही रोज घेत होती.

"दिवसाला दोनच ना?" मी विचारलं.

"पोरगी वाढली, म्हणून तीन केल्या."

"आणि दमा?"

"गोळी चालू हाय, मग दमा यील कशाला?"

सरांनी गोळी बंद केली. ईसीजी काढला, एक्स-रे काढला. हृदयाचा आकार नीट होता. पण सव्वा वर्ष असं पळवल्यावर आत काही बिघडलं का, हे तेव्हा कोणीच छातीठोक सांगू शकलं नसतं. मी तीन दिवस नीट जेवले नाही.

शुक्रवारी नाडी शहाऐंशी. मर्मर मी पाच मिनिटं शोधली.

"काय हरवलं व्हय, बाई?" मुमताजने विचारलं.

सरांनी तिला दवाखान्याचा जिना दहा वेळा चढायला लावला. मोजायला मला बरोबर पळवलं. वर तिची नाडी एकशे वीस, माझी एकशे साठ.

"हिला सर्टिफिकेट द्या," सर म्हणाले. "तुम्ही जरा जपा."

शनिवारी ती संघात निवडली गेली. पुढची दोन वर्षं मी तिला दर तीन महिन्यांनी तपासलं. हृदय शाबूत राहिलं. एकदा थंडीत दमा उसळला, तेव्हा चार दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि पाचव्या दिवशी पुडीत काही उरलंय का, ते बघायला स्वतः तिच्या घरी गेले.

तेव्हापासून मी चिठ्ठीवर आधी दिवस लिहायला लागले, मग औषध. सही अगदी शेवटी, बारीक.