ताठ मानेने काम कसे करावे?

विद्यापीठात त्यांना सगळे खुर्चीकाका म्हणत. नेमणुकीच्या कागदावर 'सभागृह परिचर' असा भारदस्त हुद्दा होता, पण तो उच्चारेपर्यंत माणसाची खुर्ची मांडून होते, म्हणून त्या फंदात कोणी पडत नसे. सभागृह उघडायचं, झाडून घ्यायचं, माईक लावायचा, वक्त्यापुढे पाणी ठेवायचं आणि खुर्च्या मांडायच्या. या शेवटच्या कामात काकांचा हात धरणारा कोणी नव्हता. माणसं कमी येणार असा वास आला की ते खुर्च्या अशा काही ऐसपैस मांडत की सात टाळकी बसली तरी सभागृह भरल्यासारखं वाटावं. वक्ते खूश होऊन जात. फसवणूक म्हणा हवं तर, पण पुण्य लागणारी फसवणूक.

आणि माणसं कमीच येत. विद्यार्थी कल्याण विभागाच्या बाई, म्हणजे सगळ्यांच्या कल्याणबाई, मोठ्या हौसेच्या. दर महिन्याला आरोग्याचे आणि विरंगुळ्याचे कार्यक्रम काढत. ध्यान, हास्यवर्ग, नाच, रंगकाम करा नि ताण घालवा, झोपेवर व्याख्यान. त्यातल्या त्यात गर्दी झाली ती झोपेच्या व्याख्यानाला, आणि आलेल्यांनी प्रात्यक्षिकही लगेच करून दाखवलं. हास्यवर्गात शिकवणारे गृहस्थ एकटेच हसत राहिले, आणि शेवटी शेवटी तर तेही रडकुंडीला आले. ध्यानाला कोण येतं, असं कोणी विचारलं की काका गंभीर चेहऱ्याने सांगत, "ध्यानंच येतात."

काकांना या कशाचंच काही वाटत नसे. वक्ता रिकाम्या खुर्च्यांशी गप्पा मारून गेला की खुर्च्या आवरायच्या आणि घरी जायचं. दुसऱ्याच्या फजितीचं सुतक पाळत बसलं तर डबा कधी खायचा?

पण एका संध्याकाळी घरी त्यांची लेक दारातूनच ओरडली, "बाबा, बुधवारी मी तुमच्या सभागृहात बोलणार आहे!"

लेक नुकतीच फिजिओथेरपिस्ट झाली होती. काका शेजारीपाजारी 'हाडांची डॉक्टरीण' म्हणून सांगत, आणि ती दर वेळी 'हाडांची नाही हो बाबा, स्नायूंची' म्हणून दुरुस्ती करी. कल्याणबाईंनी तिच्या हॉस्पिटलला फोन करून वक्ता मागितला होता. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना वेळ नव्हता, आणि विद्यापीठाचं नाव ऐकताच हिने हात वर केला होता.

काकूंना काय करू नि काय नको असं झालं. आजवर पाहिलेल्या सगळ्या रिकाम्या खुर्च्या मात्र काकांच्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेल्या.

"कशावर बोलणार?" त्यांनी विचारलं.

"मानेवर."

"कोणाच्या?"

"सगळ्यांच्याच. मान दुखते ना लोकांची काम करून करून, त्यावर."

काकांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "एक ऐकशील? तिथे मला ओळख दाखवू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे बाबा-बिबा म्हणू नकोस. तू तज्ज्ञ म्हणून येणार. उगाच लोक म्हणतील, खुर्च्या उचलणाऱ्याची पोर, वशिल्याने आली."

"तुमचा वशिला!" लेक हसायलाच लागली. "बाबा, तुम्ही दोन महिने पुसायला नवी फडकी मागताय, ती अजून मिळाली नाहीत!"

"हसू नकोस. तुझा मान राहिला पाहिजे."

"अहो, काय हे खूळ?" काकू मध्ये पडल्या. "पोटच्या पोरीला परकं करता?"

पण काका हट्टाला पेटले की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नसत. लेकीचं हसू मावळलं. "बरं," एवढंच म्हणून ती उठली आणि आपलं ताट तिने गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात घासलं.

आता उरला प्रश्न गर्दीचा. सभागृहाबाहेरच्या काळ्या फळ्यावर कार्यक्रम लिहायचं काम काकांचंच. कल्याणबाईंनी विषय दिला होता, 'मानेचे विकार : कारणे, लक्षणे व व्यायामोपचार'. काकांनी तो दोनदा वाचला आणि खडू खाली ठेवला. 'विकार' वाचून कोण येणार? स्वतः विकारसुद्धा येणार नाही. त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव सांगत होता की ज्या व्याख्यानाच्या नावात 'कसे' असतं, त्याला निदान चार माणसं जास्त येतात. मग त्यांनी लेकीने घरी दाखवलेली चित्रं आठवली. माणूस टेबलाशी बसलेला, मान ताठ, त्यावर बरोबरची खूण. खडू घेतला आणि वळणदार अक्षरांत लिहून टाकलं : 'ताठ मानेने काम कसे करावे? तज्ज्ञांचे व्याख्यान. सर्व कर्मचाऱ्यांना प्रवेश. नंतर चहा.'

काकांच्या मनात मानेशिवाय काही म्हणता काही नव्हतं, हे इथे शपथेवर सांगायला हवं. डोक्यात मणके घेऊन फिरणाऱ्याला अक्षरांतही मणकेच दिसणार.

वाचणाऱ्यांना मात्र भलतंच दिसलं. हिशेब विभागातल्या एकीने फळा वाचला आणि ती तडक आपल्या टेबलाकडे धावली. "अगं, ताठ मानेने! म्हणजे कोणाचं ऐकून न घेता! साहेबांपुढे कसं उभं राहायचं ते शिकवणार आहेत." दुपारपर्यंत ग्रंथालयात बातमी पोचली, तिथून गाड्यांच्या चालकांत, तिथून उपाहारगृहाच्या भटारखान्यात. संध्याकाळी तर कोणीतरी छातीठोकपणे सांगत होतं की वक्ता म्हणजे कामगारांची मोठी पुढारी आहे, तिने दोन साहेबांना घरी बसवलंय. कानोकानी गेलेली गोष्ट अंगाने भरतच जाते.

हे सगळ्यांना कळलं, काका सोडून. ते बिचारे खुर्च्या ऐसपैस मांडण्यात गुंतले होते.

बुधवारी सकाळी बागेतले माळीबुवा पायऱ्यांशी भेटले. काकांचे जुने सोबती. तंबाखू मळत त्यांनी विचारलं, "काय रे, आज बोलणारी कोण? ओळखीची का?"

"छे छे," काका घाईने म्हणाले. "कुठली तरी बाई आहे. हॉस्पिटलातली."

म्हणाले आणि वळले, तर मागे लेक उभी. हातात पिशवी, कपड्यांना कडक इस्त्री. तिने ऐकलं होतं. "सभागृह कुठे आहे हो?" तिने परक्यासारखं विचारलं, आणि काकांनी परक्यासारखा हात करून दाखवला. तिने त्यांचं म्हणणं अक्षरशः पाळलं होतं, तरी काकांना ते सुरीसारखं लागलं. आपल्याच हाताने लावून घेतल्यावर ओरडणार कोणावर?

पण ओरडायला सवडच मिळाली नाही, कारण लोक येऊ लागले. पहिली रांग भरली, दुसरी भरली. काकांना वाटलं चुकून आले असतील. मग चालक आले, पहारेकरी आले, आचारी हात पुसत आले. ऐसपैस मांडलेल्या खुर्च्या काकांनी धावत धावत जवळ ओढल्या, परीक्षेच्या दालनातून बाकं आणली. घामाघूम झाले, पण चेहरा कसा फुलून आला होता! हे सगळे माझ्या लेकीला ऐकायला आलेत, हे कोणाला सांगता येत नव्हतं म्हणून ते भिंतीशीच हसत होते.

तेवढ्यात बाकावरचा एक चालक शेजाऱ्याला म्हणाला, "आज साहेबांचं काही खरं नाही. ताठ मानेने म्हणजे ताठ मानेने!"

काकांच्या हातातलं बाक तिथेच राहिलं. फळ्यावरची आपलीच अक्षरं त्यांना नव्याने दिसली. हे लोक मानासाठी आलेत, आणि पोर बोलणार मणक्यांवर! आता पहिल्या चित्रालाच उठून जातील. रिकामं सभागृह परवडलं, भरलेलं सभागृह डोळ्यांदेखत रिकामं होणं म्हणजे तर धिंडच.

त्यात दारातून मोठे साहेब आत आले. विद्यापीठाचे कुलसचिव. कधी कुठल्या व्याख्यानाला न येणारा हा माणूस आज येऊन बरोबर पहिल्या रांगेत बसला. बसता बसता त्यांनी विचारलं, "तो फळा कोणी लिहिला?"

"मी, साहेब."

"नंतर भेटा."

कल्याणबाई इतकी गर्दी आयुष्यात प्रथमच बघत होत्या. भारावून त्यांनी प्रास्ताविक चार वाक्यांत आटपलं आणि लेक बोलायला उभी राहिली. पडद्यावर मणक्यांचं चित्र आलं.

"आपल्या मानेत सात मणके असतात," ती म्हणाली.

"आणि साहेबांच्या?" मागून आवाज आला. सभागृहात हशा फुटला. मोठे साहेब समोर बघत राहिले.

लेक गोंधळली, पण बोलत राहिली. उशी कशी असावी, संगणकाचा पडदा किती उंचीवर असावा. हळूहळू लोक एकमेकांकडे बघू लागले. मागची रांग चुळबुळली, दोन चालक उठले. काका चहाची किटली घेऊन दारात आडवे उभे राहिले. "चहा शेवटी आहे," ते हळूच म्हणाले. "आत्ता गेलात तर मुकाल." चालक मुकाट बसले.

मग माळीबुवा उभे राहिले. "बाई, रागावू नका. हाडांचं समजलं. पण साहेब ओरडले की आमची मान आपोआप खाली जाते, त्याला काही व्यायाम आहे का?"

कोणी हसलं नाही. लेकीने एकदा माळीबुवांकडे पाहिलं, एकदा दारातल्या किटलीकडे, आणि आत येताना वाचलेला फळा आठवून तिला सगळा घोळ उमगला. काकांना वाटलं, संपलं.

"आहे ना," ती म्हणाली. "असं बघा, मान खाली जाते तेव्हा एकटी जात नाही. खांदे घेऊन जाते. छाती आवळते, श्वास अर्धा राहतो. पुढे साहेब आहे की संगणक आहे, हे मणक्याला कळत नाही. दुखणं एकच. चला, सगळे ताठ बसा. हनुवटी मागे घ्या. आता मान डावीकडे."

झाडून सगळ्यांनी माना वळवल्या. पहिल्या रांगेतली एक मान तेवढी जागची हलली नाही.

"साहेब, तुम्ही?" लेकीने विचारलं.

"वळत नाही," मोठे साहेब अवघडून म्हणाले. "उजवीकडे थोडी वळते. डावीकडे नाहीच. फार वर्षं झाली. फळ्यावर मान वाचली म्हणून तर आलो, आणि लिहिणाऱ्याला भेटायला सांगितलं तेही आभार मानायलाच."

"अय्या!" हिशेब विभागातली ती ओरडलीच. "आमची टेबलं डावीकडे आहेत! आम्ही रोज गुड मॉर्निंग म्हणतो, आणि तुम्ही ढुंकून बघत नाही!"

"मला दिसतच नाही हो कोणी! आवाज येतो, पण वळणार कसा?"

असं हसू त्या सभागृहाने कधी ऐकलं नव्हतं, हास्यवर्गात तर नाहीच. साहेबसुद्धा हसले आणि हसताना 'आई गं' म्हणून मान धरली. लेकीने त्यांना पुढे बोलावून खांदा कसा सैल सोडायचा ते दाखवलं. तिथून पुढे कोणी उठायचं नाव घेईना. प्रश्नांवर प्रश्न आले. चालकांनी पाठीचं विचारलं, आचाऱ्यांनी गुडघ्यांचं.

शेवटी माळीबुवाच परत उभे राहिले. "बाई, तुम्ही आमच्यासारख्यांच्या माना एवढ्या कुठे बघितल्या?"

"घरी," लेक म्हणाली. "माझे वडील संध्याकाळी मान चोळत घरी यायचे. दिवसभर ओझी उचलायची, आणि कोणी समोर आलं की खाली बघायचं. ती मान बरी करायची म्हणून तर मी हे शिकले."

"कोण हो वडील? काय करतात?"

"ते सांगायची मला परवानगी नाही. त्यांना वाटतं, सांगितलं तर माझा मान कमी होईल."

दारात काका किटली धरून उभे होते. लेक त्यांच्याकडे बघत नव्हती. मुद्दामच बघत नव्हती, तेच कागद पुन्हा पुन्हा आवरत होती. पोरीचा मान सांभाळता सांभाळता आपण तिला किती दुखवलं, हे काकांना तेव्हा कळलं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मी," ते म्हणाले. मग मोठ्याने पुन्हा म्हणाले, "मी आहे. माझी लेक आहे ती."

सगळ्या माना एकदम दाराकडे वळल्या. साहेब मानेने जमेना म्हणून खुर्चीसकट वळले.

"अरे गाढवा!" माळीबुवांनी कपाळावर हात मारला. "सकाळी मला कुठली तरी बाई म्हणालास? तुझी पोर बोलणार म्हणून सांगितलं असतंस तर आम्ही घरची सगळी माणसं घेऊन आलो असतो! फळा लिहायची गरज काय होती?"

गर्दीच्या काळजीने काकांना आठवडाभर झोप नव्हती, आणि गर्दी नुसत्या एका वाक्यावर उभी होती. तेवढं एक वाक्य त्यांनी जिवापाड लपवून ठेवलं होतं.

"बाबा," लेक माईकवरून म्हणाली, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पुढे या. तुमची मान बघायची राहिलीय."

काका निघाले. किटली खाली ठेवायचं भानच त्यांना राहिलं नाही. डोळे भरून आले होते, वाट नीट दिसत नव्हती, आणि दोन्ही बाजूंची माणसं पाय आवरून घेत त्यांना जागा करून देत होती.