धाकट्याच्या नावाची जागा

आज लग्नाचं कार्ड आलं. कोपऱ्यावर हळदीचं बोट होतं. त्या वासानं मला कळमनुरीतलं माझं पत्रिका छापायचं दुकान आठवलं आणि दत्तरावकाकांनी खाल्लेली ती अख्खी दुपार.

त्यांच्या पोरीचं लग्न होतं. निमंत्रकांत सगळी भावकी मानाप्रमाणे ओळीनं लावलेली. धाकट्या भावाशी बांधावरून भांडण झालेलं, म्हणून काका म्हणाले, "धाकट्याचं नाव काढा." मी नाव निवडून डिलीट दाबलं. खालचा चुलतभाऊ झटकन वर सरकला.

"ह्याला तिथं काहून बसवलं?"

"मी न्हाई काका, कॉम्प्युटर आपोआप वर घेतंय."

"काढा म्हणलं म्या. दुसरं कोणी बसवा म्हणलं का? जागा तशीच राहू द्या."

पण तो मेला प्रोग्राम रिकामी ओळ ठेवायलाच तयार नव्हता. मी ओळ घालायचो, तो गिळायचा. एकदा धाकट्याबरोबर सगळी भावकीच पुसली गेली. त्यात लाईट गेली. पुन्हा सगळं टाईप केलं. शेवटी वैतागून मी धाकट्याचं नाव होतं तिथंच ठेवलं आणि अक्षरांना पांढरा रंग दिला. कागदावर कोरी जागा उमटली. काकांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आता बराबर." डोक्याला ताप नुसता, असं मी पुटपुटलो होतो.

आजचं कार्ड त्यांच्या नातवाचं आहे. निमंत्रकांत आता दोघंही भाऊ नाहीत. खालची नावं वर सरकलीत. जागा राहू द्या म्हणणारं कुणी उरलेलं नाही.