वाढत्या अंगाचा कॉम्प्युटर

आमच्या घरात कुठलीही वस्तू आजच्यासाठी घेतलेली मला आठवत नाही. बाबा विमा कंपनीत अधिकारी, दर तीन वर्षांनी बदली ठरलेली, त्यामुळे जे घरात येई ते पुढचा विचार करून. माझे शर्ट वाढत्या अंगाचे. पडद्यांना खालून वीतभर दुमड, कारण पुढच्या गावच्या खिडक्या केवढ्या असतील कोण सांगणार? टीव्हीचा, मिक्सरचा, अगदी इस्त्रीचासुद्धा खोका थर्मोकोलसकट माळ्यावर. खोक्याची चिकटपट्टी बाबा ब्लेडने अशी अलगद कापत, जणू ऑपरेशन चाललंय. "सामान बांधताना माझी आठवण काढाल," असं वर ऐकवत.

जयपूर आमचं पाचवं गाव. राजा पार्क नावाच्या वस्तीत वरच्या मजल्यावर भाड्याचं घर मिळालं आणि अकरावीच्या वर्गात मी पुन्हा एकदा 'नया लडका' झालो. नव्या मुलाशी सगळे नीट वागतात आणि घरी कुणी बोलवत नाही. वर्गातले तिघे मात्र मला फार आवडायचे. शाळा सुटली की ते सायबर कॅफेत जाऊन गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचे. एकदा मी बोलून गेलो, "मेरे घर नया कंप्यूटर आ रहा है, गेमिंगवाला. दिवाली के बादवाले संडे को आ जाओ." घरात कॉम्प्युटरचा पत्ता नव्हता. बाजारात तुरी! पण तिघांनी लगेच हो म्हटलं आणि मी सायकलवर घरापर्यंत एकटाच हसत आलो.

आता बाबांसमोर 'गेम' हा शब्द काढायची सोय नव्हती. मग मी त्यांच्याच भाषेत बोलायचं ठरवलं. कॉम्प्युटरची मासिकं पालथी घातली, यादी केली आणि एका रविवारी चहाच्या वेळी सुरुवात केली. "बाबा, हा मदरबोर्ड बघा. रॅमचे चार स्लॉट आहेत, आज दोन भरायचे, पुढे दोन. ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट नव्या पद्धतीचा आहे, पुढची कार्डं यातच बसणार. पॉवर सप्लाय दणकट घेऊ, म्हणजे पुढे काहीही जोडा."

प्रत्येक वाक्यात 'पुढे' होतंच. बाबा अक्षरशः हरखले. माझ्या तोंडून इतकं शहाणपणाचं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी आईला स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं. "ऐकलंस का? कार्टं सुधारलं!"

दुकानात काउंटरवर माझी यादी पसरली आणि बाबांनी खिशातून लाल पेन काढलं.

"ये ग्राफिक्स कार्ड बाद में लग सकता है?" बाबांनी विचारलं.

"बिलकुल साहब, कभी भी," दुकानदार म्हणाला.

"मग पुढे लावू." काट. रॅमच्या दोन पट्ट्यांतली एक पुढे. काट. प्रोसेसर पुढे बदलता येतो? येतो. मग आज साधा चालेल. काट. कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा, आणि पॉवर सप्लाय बदलणं मात्र कटकटीचं आहे असं कळल्यावर म्हणाले, "फिर ये सबसे बडा दिखाइए."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! कार्डाशिवाय गेम नीट चालणार नाही, हे सांगायचं तर आधी गेम म्हणावं लागणार. मी यादीवरच्या लाल रेघा मोजत राहिलो. "बोर्ड तो एकदम फ्यूचरवाला लिया है," म्हणत दुकानदाराने माझी पाठ थोपटली. त्या माणसाला तिथल्या तिथे चावावं असं मला वाटलं.

घरी माझ्या कमरेएवढं कॅबिनेट आलं. बडा घर पोकळ वासा! आत एक रॅमची पट्टी, एक बापुडवाणा प्रोसेसर आणि बाकी वारा. शहराबाहेर जगतपुऱ्यात प्लॉट घेतलेले लोक पाहुण्यांना रिकामी जमीन दाखवायला नेतात, तसे बाबा कॅबिनेटचं झाकण काढून दाखवायचे. "केवढी जागा आहे बघा!"

मला आशा होती की गेम रखडत का होईना चालेल. दिवाळीनंतरच्या रविवारी तिघे आले. आईने चिवडा, शंकरपाळे पुढे ठेवले. मी सीडी घातली, गेम चढवला आणि सुरू केला. पडदा काळा झाला आणि एक चौकोन उमटला. मागे खुर्चीत बसलेल्या बाबांनी तो मोठ्याने वाचला. या मशीनमध्ये लागणारं ग्राफिक्स कार्ड नाही, असा मजकूर होता. मग त्यांनी मुलांना समजावलं, "बेटा, कार्ड आगे चलकर लगेगा. जगह रखी है."

"कोई बात नहीं, अंकल," एक जण म्हणाला. मुलं चांगल्या घरची होती. चिवडा संपवून, आईला नमस्ते करून उठली. जिन्यात त्यांचा आवाज मला वर ऐकू आला, "चल, कैफे चलते हैं." मला कुणी हाक मारली नाही.

बाथरूममध्ये नळ सोडून मी रडलो. बाहेर येऊन बाबांवर ओरडलो, "तुमच्या त्या 'पुढे'च्या नादात आपल्या घरात आज काही होतच नाही!"

"अरे, कार्ड काय पळून चाललंय का?"

"कार्ड नाही, ती मुलं गेली! पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे आलं होतं!"

बाबांनी हातातल्या पेपराची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. कार्डाचा विषय मीही नंतर काढला नाही. शाळेत ते तिघे माझ्याशी नीट वागत राहिले.

बारावीची परीक्षा संपली त्या आठवड्यात बाबा एके दिवशी दुपारीच घरी आले. एका हातात कोचीनच्या बदलीची ऑर्डर, तीही मुदतीआधीच. दुसऱ्या हातात एक खोका. दोन्ही टेबलावर ठेवलं. खोक्यात माझ्या यादीतलं कार्ड होतं. दुकानात नेलेली ती यादी त्यांनी इतके दिवस जपली होती. लाल रेघांसकट ती खोक्याला रबराने लावलेली होती.

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "आता कशाला? ठेवा तसंच बांधून. तिकडे गेल्यावर लावू पुढे." अगदी त्यांच्याच सुरात म्हटलं, मुद्दाम, लागावं म्हणून. आणि लागलं. बाबांचा चेहरा एवढासा झाला.

आईने सवयीने ब्लेड पुढे केलं. बाबांनी ते घेतलं नाही. चिकटपट्टीखाली अंगठा घातला आणि खोका टराटरा फाडला, वरच्या चित्रासकट. आई बघतच राहिली.

"त्या मुलांना फोन कर," बाबा म्हणाले. "आजच बोलव."

"बाबा, निघायला दहाच दिवस राहिलेत."

"दहा दिवस आहेत की!"

मी फोन केले. तिघेही आले. कॅबिनेट आडवं करून आम्ही चौघांनी कार्ड बसवलं, बाबांनी टॉर्च धरला. शर्यत सुरू झाली तेव्हा एवढा आरडाओरडा झाला की खालून घरमालक वर आले आणि तेही बसले. बाबांनीही एक डाव खेळून पाहिला. पहिल्याच वळणाला गाडी भिंतीत घातली आणि ब्रेक नीट नसल्याची तक्रार केली. ते दहाही दिवस मुलं रोज येत होती.

सगळं सामान आपापल्या खोक्यात बसून ट्रकमध्ये चढलं. कार्डाला खोका नव्हता. आईने ते माझ्या एका आखूड झालेल्या शर्टात गुंडाळून हातातल्या पिशवीत घेतलं.

आधीच्या चारही गावांत स्टेशनवर निरोपाला यायची ती बाबांच्या ऑफिसातली माणसं. या वेळी फलाटावर तीन माणसं माझीही होती.