पहिल्या तोड्याची फुलं

झेंडूचा पहिला तोडा घरात आला, की त्या उग्र, हिरवट वासासरशी मला वेरूळ आठवतं. मूर्तिजापूरकडच्या आमच्या मळ्यातली पहिल्या तोड्याची फुलं देवाला वाहिल्याशिवाय बाजारात जात नसत. त्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच कैलास लेणं पाहायला निघालो, तर आईने ती ओल्या फडक्यात बांधून सोबत घेतली. अख्खा डोंगर वरून खाली कोरलेला बाबा मान वर करून न्याहाळत राहिले. आईने मात्र फाटकाशीच सगळ्यांना चपला काढायला लावल्या, आणि बूट घातलेल्या पर्यटकांमधून आम्ही तापलेल्या दगडावर पाय उचलत चाललो. गाभाऱ्यात गारवा होता, वटवाघळांचा वास होता. आईने फडकं सोडताच पहारेकरी म्हणाला, “मावशी, फुलं वाहू नका. इथं पूजा होत नाही.” मला वाटलं, आता ही भांडते. पण ती म्हणाली, “वाहत नाही, भाऊ. पाह्यता तं येते ना त्याले?” तिने फडकं पिंडीसमोर उघडं धरलं, जरा वेळ थांबली आणि पुन्हा गाठ मारली. घरी येईपर्यंत फुलं कोमेजली होती. ती तिने बियाण्याला ठेवली. तेव्हापासून दरसाल आम्ही तेच बी धरत आलो. आता आईला दिसत नाही. आज सकाळी पहिला तोडा मी तिच्यासमोर फडक्यात उघडा धरला. हात न लावता तिने वास घेतला, जरा वेळ थांबली आणि म्हणाली, “बांध आता.”