गल्लीत वाटलेली झोप

सायरागुलनं आयुष्याची सव्वीस वर्षं नारिनच्या हवामान केंद्रावर काढली. दर तीन तासांनी उठायचं, अंगणातल्या पांढऱ्या पेटीतला पारा बघायचा, बर्फात रोवलेल्या पट्टीवरचा आकडा टिपायचा आणि फोनवरून राजधानीला, बिश्केकला कळवायचा. दोन नोंदींच्या मधे पडेल ती झोप. नवरा ट्रक चालवायचा, तो म्हणायचा, "आपल्या घरात झोप रेशनवर मिळते." मग नवरा गेला, नोकरी संपली, पोरगी मेरिम म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायच्या नोकरीवर शिकागोला जाऊन बसली, आणि आता हिला हवं तेवढं झोपायची मुभा मिळाली तर झोपच येईना. चणे आहेत तर दात नाहीत, म्हणतात ते हेच.

झोप उडवली आजारानं. दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनात गाठ लागली. ऑपरेशन, केमो, किरणं, सगळं बिश्केकला झालं, बहिणीच्या घरी राहून. गल्लीला सांगितलं की बहिणीची नातवंडं सांभाळायला चाललेय. आठ महिन्यांनी परतली ती निम्मी होऊन, डोक्याला रुमाल घट्ट बांधून. कुणी विचारलं तर म्हणायची, "पोरांनी पळवून पळवून हाडं खिळखिळी केली हो माझी." बायका हसायच्या. हीपण हसायची, आणि घरात येऊन कडी लावून घ्यायची.

आता लपवायचं कशाला, असं शहाणी माणसं विचारतील. त्यांनी आमच्या गल्लीत राहून बघावं! आमच्याकडे त्या आजाराचं नाव घेत नाहीत, 'तो वाईट आजार' म्हणतात आणि तेवढ्यावरही थू थू करतात. पलीकडच्या आसिलकानला तो झाला तेव्हा तिच्या घरची भाकरी कुणी तोंडात घालेना. ताटली आली की घ्यायची, दुवा द्यायचा, आणि भाकरी गुपचूप गाईपुढे टाकायची. सायरागुलनं स्वतः तसं केलं होतं. एकदा नाही, तीनदा. आसिलकान गेली, पण ती गाय काही सायरागुलच्या डोळ्यांपुढून गेली नाही. म्हणून तिनं ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

बिश्केकची डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला सरळ. "रक्तात ड जीवनसत्त्व तळाला गेलंय. ते रोज एक, जेवणाबरोबर. हाडांसाठी कॅल्शियम. झोपेसाठी ही हलकी गोळी, रोज एकच, निजायच्या तासभर आधी. बाजारातली चूर्णं आणि कुणा बाईनं सांगितलेले काढे घ्यायचे नाहीत. नवीन काहीही तोंडात घालण्याआधी मला फोन." मग थोरल्या बहिणीला म्हणावं तसं 'एजे' म्हणत ती बोलली, "झोपल्याशिवाय अंग भरत नाही, एजे. औषधाइतकीच झोप महत्त्वाची आहे."

पण ते आणायचं कुठून? आमच्या भागात औषधाचं दुकान एकच, आणि त्यात बसते गुल्बाराची सून. गुल्बारा म्हणजे गल्लीचा रेडिओ, तोही बंद न होणारा. तिच्या सुनेपुढे ती चिठ्ठी ठेवायची म्हणजे मशिदीच्या भोंग्यावरून वाचून दाखवण्यातलाच प्रकार. सुरुवातीला बहीण बिश्केकहून गोळ्या पाठवायची, टॅक्सीवाल्याच्या हाती, मोज्यांच्या पुडक्यात दडवून. मग मेरिम आईला म्हणाली, "आपा, इथे चांगल्या मिळतात. मीच पाठवते तीन महिन्यांच्या एकदम."

आणि तिनं पाठवल्या. कुणाच्या हाती? गुल्बाराच्या! गुल्बारा धाकट्या मुलाकडे शिकागोला जाऊन परत यायला निघाली होती, पोरीला वाटलं, घराशेजारचंच माणूस, दारात नेऊन देईल. आठ वर्षं परदेशात राहिली की पोरं इथली रीत विसरतात, ती अशी.

आमच्याकडे लांबून आलेली पिशवी कुणी कडी लावून उघडत नाही. प्रवासाहून आलेल्या वस्तूत बघणाऱ्याचा वाटा असतो, त्याला आम्ही बाजारलिक म्हणतो. आणणारा चार जणांना घेऊन येतो, चहा होतो, पिशवी सगळ्यांदेखत उघडते आणि ज्याची नजर पडली त्याच्या हातात काहीतरी पडतं. गोळी-चॉकलेट, रुमाल, साबणाची वडी, काहीही चालतं. मेरिमनं यातलं काहीच घातलं नव्हतं. पोरगी आईच्या काळजीत इतकी बुडालेली की पिशवीत बाटल्याच बाटल्या, आणि वर आईसाठी एक लोकरीची टोपी.

गुल्बारा तीन बायकांना घेऊन आली. गल्लीतले थोरले, सगळ्या बायकांना सूनबाई म्हणणारे तोकोन आकेही काठी टेकत मागून आले. वय पंचाहत्तर, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, आणि गल्लीत कुठे किटली उकळली की यांना वास आलाच.

"बघू तरी गं, अमेरिका काय म्हणते ते!" म्हणत गुल्बारानं पिशवी पालथी केली. बाटल्या खडखडत जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर पडल्या.

"हे काय? औषधं?" एकीनं विचारलं. "बरं नाही का तुला, सायरा?"

सायरागुलच्या तोंडचं पाणी पळालं. "छे! व्हिटॅमिनं आहेत," ती म्हणाली. "तिकडे सगळे खातात. शक्तीला, हाडांना. ही झोपेला. मेरिमनं… तुमच्यासाठीच पाठवलीत. सगळ्यांसाठी."

सुटले शब्द, ते काय परत येतात! बायकांचे चेहरे उजळले. कुणाची कंबर दुखत होती, कुणाचे केस गळत होते. कॅल्शियम गेलं, ड गेलं. झोपेच्या तीन बाटल्या होत्या, प्रत्येकीत तीस गोळ्या. एक गुल्बारानं ओच्यात टाकली, "एवढं ओझं वाहून आणलं, माझा नको का वाटा?" दुसरी दोघींनी वाटून घेतली. उरली तिच्यावर सायरागुलनं हात ठेवला. ही एक तरी.

तेवढ्यात तोकोन आकेंनी दोन्ही तळवे वर केले. "मेरिमला दीर्घायुष्य मिळो, तिच्या दारात गाड्या उभ्या राहोत, ओमिन!" तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "सूनबाई, मी म्हातारा रात्रभर छताची फळकुटं मोजतो. ती झोपेची दे मला."

आशीर्वाद आधीच देऊन बसले! वडीलधाऱ्यानं हात उचलून दुवा दिल्यावर नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? सायरागुलनं हात उचलला. बाटली आकेंच्या खिशात गेली.

संध्याकाळी मेरिमचा फोन आला. "मिळालं सगळं, आपा? घेतेस ना नीट?"

"घेते गं. छान आहेत," सायरागुल म्हणाली. फोन ठेवला आणि रडली. पोरीनं म्हाताऱ्यांची घाण काढून कमावलेल्या पैशाची औषधं, आणि ती शेजारणींच्या केसांना लागणार. राग कुणाचा करायचा तेही कळेना. मागितली म्हणून त्यांचा करावा, तर त्यांना काय माहीत? सांगितलं कुणी होतं?

पुढचे नऊ-दहा दिवस सायरागुलचा डोळ्याला डोळा लागला नाही. दिवसा भिंतीला टेकली की डुलकी यायची आणि दचकून जाग. अंगातलं त्राण गेलं, तोंडाची चव गेली. बहिणीला फोन करून पुन्हा मागवाव्यात, तर ती मेरिमला सांगणार. गल्लीत मात्र हिचं नाव झालं. भेटेल ती म्हणायची, "तुझ्या गोळ्यांनी काय गुण आलाय गं!"

मग एका सकाळी पाव आणायला गेली तर दुकानात आकेंची सून भेटली. म्हणाली, "सासऱ्यांना तुमच्या गोळ्या भलत्याच मानवल्या, एजे. एकीनं भागत नाही, तीन-तीन घेतात. दुपारपर्यंत उठत नाहीत. फक्त नाकातून रक्त येतंय दोन दिवस, उशी भरली होती. उष्णता असेल."

सायरागुल पाव न घेताच घरी आली. आकेंना हृदयाचा त्रास होऊन गेला होता, रक्त पातळ करायची गोळी चालू होती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तिनं डॉक्टरणीला फोन लावला. वाटलेल्या गोळ्यांची गोष्ट सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आजच्या आज बंद करायला सांगा," डॉक्टरीण म्हणाली. "आणि रक्त तपासायला पाठवा. त्या दोन्ही गोळ्या मिळून रक्त जास्त पातळ होऊ शकतं. एजे, झोपेची गोळी म्हणजे खारीक-बदाम आहेत का वाटायला?"

गुल्बाराच्या अंगणात त्या दिवशी लोकर झोडायचं काम चाललं होतं. सात-आठ बायका गोल बसून काठ्यांनी लोकर झोडत होत्या, आणि आके उन्हात बाकावर, नाकाला फडकं लावून.

"आके, त्या गोळ्या बंद करा," सायरागुल उभ्याउभ्याच म्हणाली. "तुमच्या हृदयाच्या गोळीबरोबर त्या चालत नाहीत. दवाखान्यात जा आजच."

गुल्बाराची काठी थांबली. "का गं? तुझ्या संपल्या वाटतं?"

"खरंच सांगतेय, एजे. धोका आहे."

"डॉक्टरीण कधी झालीस? अगं, तू बर्फ पडेल म्हणायचीस तेव्हा आम्ही गालिचे वाळत घालायचो!" बायका खो खो हसल्या. दुसरी म्हणाली, "दिलेली वस्तू परत मागायची नवी रीत आहे ही. पोरगी अमेरिकेत, आणि आईची मूठ बघा!"

आकेही हसले. "सूनबाई, काल तीन घेतल्या तर आमची ही स्वप्नात आली. तीही विशीतली! बाटलीत चार उरल्यात, त्या काही मी सोडत नाही. तू आणखी मागव." हसता हसता फडकं लाल झालं.

सायरागुलला कळून चुकलं की खरं सांगितल्याशिवाय यांना पटायचं नाही. आणि सांगितलं की आसिलकान झाली ती. दोन्ही तिला लख्ख दिसत होतं. माघारी फिरावं असं एकदा मनात आलंही, का नाही येणार? मग तिनं डोक्यावरचा रुमाल ओढून काढला. आखूड, करडे, जावळासारखे केस.

"मला कॅन्सर झाला होता," ती म्हणाली. "नातवंडं सांभाळायला नव्हते गेले, छाती कापून घ्यायला गेले होते. त्या गोळ्या माझ्या होत्या. डॉक्टरणीनं मला दिलेल्या. लाजेपायी वाटल्या मी, चूक माझी. आके, माझ्यावर रागवा, पण दवाखान्यात जा."

एकीनं पोराला जवळ ओढलं. बायकांमधून आकेंची सून धावत आली आणि सासऱ्यांना हाताला धरून घेऊन गेली. सायरागुलनं रुमाल बांधला आणि घरी आली.

दुसऱ्या दिवसापासून गोळ्या परत यायला लागल्या. फाटकाजवळच्या दगडावर सकाळी एक पुरचुंडी, दुपारी काडेपेटी, मग जॅमची बरणी. गुल्बाराची झोपेची बाटली तर तशीच होती, उघडलेलीसुद्धा नाही. वस्तू येत होत्या, माणूस एकही नाही. कोण कधी ठेवून जायचं, दिसायचं नाही. सुट्या आलेल्या गोळ्या तिनं टाकून दिल्या, बंद बाटली घेतली, रोज एक सुरू केली. सात-सात तास झोपली. अंगात जीव आला. उठल्यावर वाटायचं, कुणाला तरी सांगावं, आज छान झोप लागली हो. कुणाला सांगणार? शुक्रवारी नवऱ्याच्या नावानं कणकेचे बोर्सोक तळले, ताटली घेऊन गुल्बाराच्या दारी गेली. आतून आवाज आला, "ठेव तिथं भिंतीवर." ती ठेवून आली. गाईचं हंबरणं कानावर येऊ नये म्हणून भराभर चालली.

आठ दिवस किटलीजवळ चहाची एकच वाटी. नवव्या दिवशी फाटकात कुणीतरी खाकरलं.

तोकोन आके होते. चेहरा उतरलेला, दंडावर सुई टोचल्याचा निळा डाग. आत यावं की न यावं, असे घुटमळत उभे.

"रक्त थांबलं," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाला, आणखी दोन दिवस खाल्ल्या असत्या तर भलतंच झालं असतं."

"या ना आत, आके."

"तोंड दाखवायची लाज वाटत होती गं. आजारी सुनेचं औषध ओरबाडून खाल्लं मी, वर आणखी मागव म्हणालो. थेरडा!" त्यांनी काठी आपटली. "सगळ्यांनी आपापलं परत केलं म्हणे. ते भीतीनं केलं की लाजेनं, मला माहीत नाही. माझ्याकडे तर परत द्यायलाही काही नाही. सव्वीस पोटात गेल्या, चार सुनेनं चुलीत टाकल्या."

"राहू द्या हो."

"राहू द्या कसं? घेतलेलं फेडायला नको?" ते येऊन दस्तरखानापाशी बसले, काठी आडवी ठेवली. "मी रोज येऊन बसत जाईन. एका गोळीला एक दिवस. दुसरं काय आहे माझ्याकडे? किती होत्या गं त्या, तीसच ना?"

सायरागुल किटलीला हात लावून तशीच थांबली. मग तिनं फडताळातून दुसरी वाटी काढली.

"साठ होत्या," ती म्हणाली.

आकेंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बाटलीवरचा आकडा त्यांनी रोज वाचला होता.

"बरं," ते म्हणाले, "साठ तर साठ. चहा ओत."